बाबांचं वळण

"छान आहे हो, पण हे वाचून पाव घ्यावासा वाटत नाही," संगणकाच्या पडद्याकडे बघत बेकरीवाल्या काकू म्हणाल्या.

तिने तो फॉन्टही बंद केला. पाट्या छापून देण्याचं तिचं छोटं दुकान होतं. सकाळपासून ती फुकटच्या फॉन्टांच्या साइटी पालथ्या घालत होती. काही फॉन्ट नुसतेच देखणे, जोडाक्षर आलं की कोलमडायचे. एक अगदी मनासारखा सापडला, तर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, 'फक्त घरगुती वापरासाठी मोफत'. दुकानाच्या पाटीला तो कसा चालणार? असल्या बाबतीत ती काटेकोर होती.

"मग कसं हवंय तुम्हाला?"

"जुन्या पाटीसारखं. तुझ्या बाबांनी रंगवलेली ना ती! नुसती बघूनच भूक लागायची."

जुनी पाटी वाळवीने खाल्ली होती. आणि शहरभर पाट्या रंगवलेले बाबा आता खिडकीपाशी बसून एकेक गोष्ट विसरत चालले होते. आधी किल्ल्या, मग शेजारी, मग आई गेल्याचं.

त्या दुपारी तिने त्यांच्यापुढे कागद आणि कुंचला ठेवला.

"बाबा, 'ब' काढता?"

"कशासाठी?"

"बेकरीसाठी."

"मग पोट मोठं हवं," बाबा म्हणाले, आणि हात आपसूक चालू लागला.

मग रोज दुपारी तेच. ती अक्षर सांगायची, ते काढायचे. ओले कागद पलंगावर, फरशीवर, खिडकीच्या कट्ट्यावर वाळत पडायचे. वारा आला की अक्षरं झोपेत कूस बदलावी तशी हलायची. कधी तिचाही डोळा लागायचा. जाग आली की रंगाच्या वासात क्षणभर कळायचं नाही, आपण केवढ्या आहोत, शाळेतून आत्ताच आलोय का, आणि आई आत आहे का.

कागद स्कॅन करून ती एकेक अक्षर फॉन्टात बसवत गेली. शिरोरेषा कुठे किंचित झुकली होती, ती तिने सरळ केली नाही.

एके दुपारी बाबांनी कुंचला उलटसुलट करून पाहिला. "हे कशाचं गं?"

तिने तो अलगद काढून घेतला, धुतला आणि ठेवून दिला. राहिलेली अक्षरं तिने आहे त्यांतूनच जुळवली, एकाचा दांडा आणि दुसऱ्याची गाठ घेऊन.

बेकरीची पाटी लागली. मग तिने तो फॉन्ट सगळ्यांसाठी मोफत ठेवला. भावाचा लगेच फोन आला.

"फुकट काय वाटतेस? बाबांच्या जन्माची कमाई आहे ती!"

"दादा, माझं दुकान इतकी वर्षं दुसऱ्यांच्या फुकटच्या अक्षरांवर चाललंय. कोण कुठली माणसं, डोळे फोडून काढतात आणि म्हणतात, घ्या, वापरा. मी नुसती घेतच आले."

"आणि कुणी कशावरही छापलं तर?"

"छापू दे की. पाटी कोण वाचणार, हे बाबांनी तरी कधी विचारलं होतं?"

मग भाऊ म्हणाला, "मलाही पाठव."

हळूहळू अक्षरं दिसू लागली. शाळेच्या फाटकावर, बसच्या पाठीवर, कुणाच्या तरी बिस्किटाच्या पुड्यावर. ओळखीचं वळण दिसलं की तिला वाटायचं, बाबा खांद्यावर शिडी घेऊन आत्ताच या कोपऱ्यावरून पुढे गेलेत, जरा झपझप चाललं तर गाठता येतील.

बाबांना तपासायला ती दवाखान्यात घेऊन गेली, तेव्हा औषधांच्या खिडकीशेजारी नवी पाटी होती. 'आधी वृद्धांना जाऊ द्या.' बाबा त्या पाटीसमोर थबकले. हवेत बोट धरून एकेका अक्षरावरून फिरवू लागले. रांग मागे खोळंबली. तिने कुणालाच काही सांगितलं नाही.

बऱ्याच वेळाने ते वळले आणि परक्या बाईशी बोलावं तसं अदबीने म्हणाले, "बाई, हा हात कोणाचा, माहीत आहे का तुम्हाला?"

ती म्हणाली, "एका पेंटरचा."

"चांगला आहे. घाई नाही त्याला." त्यांनी मान डोलावली. मग आपण पाटीच्या आड येतोय हे त्यांच्या लक्षात आलं. सदऱ्याच्या सुरकुत्या सारख्या करत ते एक पाऊल बाजूला सरकले आणि मागच्यांना म्हणाले, "वाचा, वाचा. आता दिसेल नीट."