नऊ चाळीसचा निरोप

घड्याळजींनी नोंदवहीतल्या ओळीवर एक बोट ठेवलं, दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून मिटली आणि पाचव्या बोटानंतरच्या अर्ध्या तासाशी पुन्हा अडले. मिळवलं तर दुपारचे तीन दहा होत होते. वजा केलं तर पहाटेचे चार दहा. सकाळचे नऊ चाळीस काही केल्या होत नव्हते, आणि त्यांना तर तेच हवे होते.

"काय झालं?" सिस्टरांनी विचारलं. त्या खुर्चीवर चढून भिंतीवरचा बोर्ड ओल्या फडक्यानं पुसत होत्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यापासून हौशी रेडिओ मंडळाच्या अध्यक्षपदाची माळ त्यांच्या गळ्यात पडली होती. घड्याळजी चिटणीस. पोटापाण्यासाठी घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना त्याच नावानं हाक मारत.

"सिस्टर, आपलं घड्याळ पुढं की मागं?"

"म्हणजे?"

घड्याळजींनी वर पाहिलं. रेडिओच्या टेबलामागं भिंतीवर दोन घड्याळं होती. उजवीकडचं गावाची वेळ दाखवायचं. डावीकडचं त्याच्या साडेपाच तास मागं चालायचं, ती जागतिक वेळ. जगातले सगळे रेडिओवाले आपल्या नोंदी याच वेळेनं करतात, म्हणजे कुठल्याही देशातल्या माणसाशी बोलताना घोळ होत नाही. नव्या सभासदाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं जायचं, आणि गेली कित्येक वर्षं ते शिकवायचे घड्याळजीच.

"आपलं पुढं," सिस्टर म्हणाल्या. "म्हणजे मिळवायचे."

"मग संपलंच."

सिस्टर खुर्चीवरून उतरल्या. फडकं हातातच होतं.

त्यांनी इतका वेळ पुसलेल्या बोर्डावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की महापुराच्या दिवशी सकाळी नऊ चाळीसला मंडळाच्या रेडिओवर पूल खचल्याचा निरोप आला आणि नऊ पंचावन्नला त्रेपन्न प्रवाशांची बस पुलाच्या तोंडाशी थांबवण्यात आली. अडतीस वर्षं हा बोर्ड मंडळाची अब्रू सांभाळून होता. वाचनालयाच्या गच्चीवरची ही खोली नगर परिषदेनं मंडळाला दिली ती त्याच्याच जोरावर. आता परिषदेला खोली सामानासाठी परत हवी होती. मंडळाचा लोकांना उपयोग काय, हे ऐकून घ्यायला अधिकारी बाई चार वाजता येणार होत्या. साक्षीला म्हणून त्या बसच्या ड्रायव्हरलाही बोलावलं होतं. खोली गेली की गच्चीवरची अँटेना जाणार, आणि अँटेना गेली की मंडळाचं उरणार काय? नऊ सभासद आणि एक शिक्का.

"नऊ चाळीस ही नोंदवहीतली वेळ आहे," घड्याळजी म्हणाले. "डाव्या घड्याळाची. बसची वेळ मी डेपोच्या रजिस्टरातून घेतली होती. ती गावाची. निरोप आला दुपारी तीन दहाला, सिस्टर. तोवर बस थांबून सव्वापाच तास झाले होते."

"बोर्डाचा मजकूर लिहिला कुणी?"

पुरानंतर वर्षभरानं मजकूर घड्याळजींनीच लिहिला होता, चोवीस वर्षांचे असताना, दोन वह्या शेजारी ठेवून, मोठ्या अभिमानानं. महापुराच्या वेळी रेडिओवर बसलेले मास्तर तोवर लेकाकडे दुसऱ्या गावी राहायला गेले होते, त्यामुळे तपासून घ्यायला कुणी नव्हतं. बोर्ड लागला, टाळ्या पडल्या आणि वही कपाटात गेली. आज बाईंना दाखवायला म्हणून ती काढली नसती, तर झाकली मूठ झाकलीच राहिली असती. गावभरच्या घड्याळांना वळण लावणारा माणूस आपल्याच भिंतीवरच्या दोन घड्याळांत फसला, या विचारानं त्यांचे कान तापले.

"वही परत कपाटात ठेव," सिस्टर म्हणाल्या. "त्या बाई बेरजा करत बसणार नाहीत."

"पण मग बस थांबवली कुणी?"

सिस्टर पुन्हा बोर्डाकडे बघायला लागल्या.

साडेतीनला जिन्यावर काठी वाजली. ड्रायव्हरकाका वेळेआधीच आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. वय ऐंशीला टेकलेलं. मंडळाच्या दर वर्षदिनाला ते असेच यायचे, पुढच्या रांगेत बसायचे आणि जाताना घड्याळजींचा हात हातात घेऊन म्हणायचे, "तुमचे उपकार आहेत." घड्याळजी दरवेळी मान लववून ते स्वीकारायचे. आज त्यांना खुर्ची पुढं करतानाही लाज वाटली.

"काका, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही पुलाशी थांबलात ते कशामुळं?"

काकांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली.

"समोर पूल नव्हता," ते म्हणाले.

सिस्टरांना हसू आलं. त्यांनी ते फडक्यात दाबलं.

"निरोप नाही आला कुणाचा?"

"कुणाचा येणार? मला दिसलं, मी ब्रेक मारला."

"मग बोर्डावर आम्ही लिहिलंय ते?"

"वाचलं की मी. पहिल्या वर्षी वाचून घरी गेलो आणि हिला सांगितलं. ती म्हणाली, गप्प बसा, पोरांचा हिरमोड होईल."

घड्याळजींच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. अडतीस वर्षं या माणसाला सगळं ठाऊक होतं. मग ते येत कशासाठी होते, हात कशासाठी धरत होते?

"मग उपकार कसले, काका?"

काकांनी त्यांच्याकडे जरा नवलानं पाहिलं. "तुम्हाला खरंच आठवत नाही? संध्याकाळी होडीतून पलीकडं आला होतात ना, हातात छोटा रेडिओ घेऊन? तेव्हा केस होते तुम्हाला."

ते आठवत होतं. चारच्या सुमाराला मास्तरांनी दुकानात माणूस पाठवून बोलावून घेतलं होतं. पुढं पूल नाही आणि मागं गावाचा रस्ताही पाण्याखाली, असे मध्येच अडकलेल्या प्रवाशांचे निरोप कागदांवर उतरवून घ्यायचे, रेडिओवरून मास्तरांना सांगायचे, आणि मास्तर गावात ज्याच्या त्याच्या घरी कळवणार. सुखरूप आहे, काळजी नको, असे एकासारखे एक पन्नासेक निरोप. त्यातला एकही घड्याळजींना आठवत नव्हता. बोर्डासाठी मजकूर लिहिताना ती पानं त्यांनी ओलांडली होती. सुखरूप आहे यात लिहिण्यासारखं काय होतं?

"माझी पाळी आली," काका म्हणाले. "मी म्हटलं, लिहा, सुखरूप आहे. तुम्ही म्हणालात, पंचवीस शब्द मिळतात, तेवीस शिल्लक आहेत, फुकट का घालवता? मला राग आला होता तुमचा. मी त्या दिवशी घर सोडून निघालो होतो. हिच्याशी कडाक्याचं भांडण झालेलं. कपड्यांची पिशवी सीटखाली होती. शेवटच्या थांब्यावर गाडी लावायची आणि परत यायचं नाही, असं ठरवलं होतं. आणि तुम्ही पेन्सिल धरून उभे. मागं रांग. मग मी म्हटलं, लिहा, चूक माझी होती, येऊ का."

सिस्टरांनी फडकं खाली ठेवलं.

"तुमचे मास्तर गुडघाभर पाण्यातून घरी गेले. दारात उभं राहून त्यांनी उत्तर घेतलं. तिलाही पंचवीस शब्द होते. तिनं एकच वापरला." काकांनी काठी उगाचच हातात घेतली आणि परत ठेवली. "या."

घड्याळजींचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. तो स्वच्छच होता.

अधिकारी बाई बरोबर चारला आल्या. बोर्ड त्यांनी उभ्यानंच वाचला, फाइल उघडली आणि म्हणाल्या, "हे चांगलं आहे. एवढं एक मला अहवालात घालता येईल. याची मूळ नोंद आहे?"

"आहे," घड्याळजी म्हणाले. "पण बोर्ड चुकला आहे." आणि त्यांनी दोन्ही घड्याळं दाखवून सगळं सांगितलं. मध्ये एकदा मिळवायच्या ऐवजी वजा केलं, सिस्टरांनी दुरुस्त केलं. बाईंचा गोंधळ कपाळावर दिसायला लागला.

"म्हणजे बस तुम्ही थांबवली नाही."

"नाही."

"मग तुम्ही नक्की केलं काय?"

सिस्टरांनी कोपरानं घड्याळजींना ढोसलं. "सांग ना ते."

घड्याळजींनी मान हलवली. दुसऱ्याचा निरोप चारचौघांत उघडायचा नाही, हा मंडळाचा पहिल्यापासूनचा नियम होता. कागद पोचवायचा आणि विसरायचा. त्यांनी आजवर तो फार चोख पाळला होता. खोली हातची चालली होती, ते त्यांना समोर दिसत होतं. तरी त्यांनी वही मिटली.

"निरोप पोचवले," ते म्हणाले.

बाईंनी पेनचं टोपण लावायला घेतलं.

"बाई, लिहा," ड्रायव्हरकाका म्हणाले. काठीवर जोर देऊन ते उभे राहिले होते. "गाडी मी थांबवली. पण मला घरी यांनी पोचवलं."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग घड्याळजींकडे. कशावरून, असं काहीतरी त्या विचारणार होत्या. काकांचा चेहरा पाहून त्यांनी प्रश्न बदलला असावा.

"वेळ काय होती?"

घड्याळजींचं बोट सवयीनं वहीकडे गेलं आणि मध्येच थांबलं. या घड्याळानं की त्या, हे त्यांना खरोखरच सुचेना.

"दिवेलागणीची," काका म्हणाले.

बाईंनी टोपण काढलं आणि तसंच लिहिलं.