कागदाखालची मोटार

मी एक फोटो आहे. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, धुरानं पिवळा पडलेला. लोणावळ्याच्या महिपती फोटोवाल्यानं मला काढलं, तेव्हा जर्मनीची पहिली लढाई सुरू व्हायची होती. घाट चढून मोटार आली की बाया हातातलं काम टाकून रस्त्यावर बघायला यायच्या, असा तो काळ.

एकदा मुंबईच्या एका शेटची मोटार खंडाळ्याला येऊन बंद पडली. वडिवळ्याचा कोंडाजी भाताची पोती पोचवून रिकाम्या गाडीनं घरी निघाला होता. त्यानं गाडी झाडाखाली सोडली, बैल मोटारीला जुंपले आणि ती वळवणच्या बंगल्यापर्यंत ओढत नेली. महिपती तिथं शेटच्या घरच्यांचे फोटो काढायला आलाच होता. शेट हसत म्हणाले, "आता मोटार ज्यांनी आणली, त्यांचाही एक काढा."

तोच मी. एका बाजूला बैल, एका बाजूला मोटार आणि मधे कोंडाजी. डावा हात बैलाच्या पाठीवर, उजवा मोटारीच्या बॉनेटवर. ऐन वेळी बैलानं मान हलवली, म्हणून ती धूसर उमटली. कंपनीची खूण असलेलं मोटारीचं तोंडही त्या मानेआड गेलं. कोंडाजी मात्र स्वच्छ आला.

शेटनी मला चौकटीत घालून कोंडाजीला भेट दिलं. त्याच्या बायकोनं, बयाबाईनं, मला चुलीसमोरच्या भिंतीवर टांगलं. माणसं घरात पाऊल टाकताच आधी माझ्याकडं बघायची आणि मग पाणी मागायची.

पण कोंडाजीचं मन त्या मोटारीतच अडकलं. शेटनी त्याला मोटार धुवायला ठेवून घेतलं. हळूहळू तो ती चालवायलाही शिकला. पुढं लढाई पेटली, सरकारला मोटार हाकणारी माणसं हवी झाली आणि कोंडाजी समुद्रापार इराकात, बसऱ्याला गेला. त्याचा मुलगा हौशीराम तेव्हा पाळण्यात होता. कोंडाजी तिकडंच तापानं गेला. ती खबर पाटलांनी घरी येऊन सांगितली.

दिवसकार्य उरकल्यावर बयाबाईनं मला चौकटीतून बाहेर काढलं. भाताच्या पेजेची खळ केली, साखरेच्या पुड्याचा निळा कागद फाडला आणि मोटारीवर चिकटवला. "हिनंच न्हेला माजा माणूस," ती म्हणाली. "हिचं त्वांड न्हाई बगायचं मला." कागद जरा मोठा फाटला होता. मोटारीबरोबर कोंडाजीचा उजवा हातही झाकला गेला. तिचे डोळे भरलेले होते, तिला ते कळलं नाही. मला तोंड असतं तर मी तेव्हाच बोललो असतो.

मग वर्षं गेली. बैलांच्या सणाला, बेंदराला, ती माझ्यातल्या बैलांना काचेवरूनच कुंकू लावायची. कोंडाजीशी थोडं बोलायचीही. पाऊस कसा आहे, गाय कधी विणार. निळ्या कागदाकडं तिनं कधी नजर वळवली नाही.

हौशीराम मोठा झाला आणि लोणावळ्यात मोटार दुरुस्तीच्या कामाला लागला. तेव्हा बयाबाई आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. त्याच दुकानात लीलाबाईंची मोटार यायची. लीलाबाई वळवणला राहायच्या, स्वतः मोटार चालवायच्या आणि जुन्या मोटारींचे फोटो जमवायच्या. दर रविवारी त्यांच्या ओसरीवर डॉक्टर देवस्थळी आणि आणखी दोघं-तिघं भिंगं घेऊन बसत. घाट चढून आलेल्या पहिल्या मोटारी कुठल्या, कुणाच्या, हे शोधायचा त्यांना नाद होता.

हौशीरामनं त्यांना माझ्याविषयी सांगितलं. आणि एका रविवारी, आई ओढ्यावर गेलेली बघून, त्यानं मला भिंतीवरून उतरवलं.

ओसरीवर मला काचेतून काढलं गेलं. आजवर मी कोंडाजीचा फोटो होतो; इथं मी मोटारीचा फोटो झालो. कागदाच्या कडेनं बाहेर डोकावणारं एवढंसं चाक बघून त्यांचा वाद जुंपला. कुणी म्हणे फ्रेंच, कुणी म्हणे इंग्रजी. डॉक्टरांना धीर धरवेना. "हा कागद ओढून काढू या."

"खालचं चित्रही निघून येईल, डॉक्टर," लीलाबाई म्हणाल्या. "आणि हा मुद्दाम चिकटवलेला दिसतोय. कुणी लावला रे, हौशीराम?"

तो उत्तर देणार, तोच फाटकातून आवाज आला. "म्या लावला."

ओढ्यावरून परतल्यावर तिला भिंत रिकामी दिसली, लेक मला लीलाबाईंकडं घेऊन गेल्याचं शेजारणीनं सांगितलं आणि बयाबाई कामशेतला आगगाडी धरून आली होती. पायऱ्या चढून तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली. "माजा माणूस कुटं हाय?"

हौशीराम उभा राहिला. "आई, तुला इचारलं असतं तर तू दिला नसतास. बा कसा व्हता ते तू मला सांगितलंस. पन तो ज्या मोटारीपायी घर सोडून गेला, ती मला कदी दिसलीच न्हाई. मलाबी बगायची व्हती गं."

बयाबाई लीलाबाईंकडं वळली. "आन् तुमाला काय करायचीय ती?"

"मावशी, आम्हाला आवडतात मोटारी," लीलाबाई म्हणाल्या. "दुसरं कारण नाही. तुम्ही नको म्हणालात, तर आत्ता काचेत घालून देते."

बयाबाई खाली बसली. मग तिनं पदराचं टोक तांब्यातल्या पाण्यात बुडवलं, पिळलं आणि कागदावर दाबून धरलं. खळ फुगली. मला भीती वाटत होती. एक हिसका बसला असता तर मी सोलून निघालो असतो. पण तिनं कडेकडेनं, लेकराच्या जखमेवरची पट्टी काढावी तसा कागद सोडवला. मोटारीचा कोपरा तेवढा खरवडला गेला.

डॉक्टर भिंग घेऊन पुढं झाले, तशी लीलाबाईंनी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि बयाबाईला दिलं.

बयाबाईनं भिंगातून पाहिलं. "आगं बया," ती पुटपुटली. "ह्यो त्याचा हात." मग म्हणाली, "चारी बोटं कशी पसरून ठेवलीत बग, हौशा. वासराच्या पाठीवर ठेवावीत तशी. म्या त्याचा हातच झाकून ठिवला व्हता रं, इतकी वर्सं."

हौशीरामनं तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. बाप आणि मोटार त्यानं पहिल्यांदाच एकत्र पाहिली.

मोटार कुठल्या कंपनीची, ते मात्र बैलाच्या मानेमुळं कळलं नाहीच. वाद अजून चालू आहे.

त्या संध्याकाळी लीलाबाईंनी मायलेकरांना कामशेतपर्यंत आपल्या मोटारीतून सोडलं. बयाबाई मोटारीत पहिल्यांदाच बसली. तिनं मला मांडीवर घट्ट धरलं होतं. कार्ल्याच्या पुढं रस्ता सरळ लागला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाई, जरा जोरात हाणा की."

आता मी परत चुलीसमोर आहे, उघडा. मोटारींचे नादिष्ट अधूनमधून भिंगं घेऊन येतात, घोंगडीवर बसून चहा पितात. तुम्हीही या. चाकं बघा, दिवे बघा, हवं तर भांडा. फक्त मला भिंतीवरून उतरवायचं असेल, तर आधी बयाबाईला विचारा.