गादीवाल्याचे बूट

गादीवाला आणि फरशीवाला हे सख्खे साडू. दोघांनाही डोंगरातून पळायचं वेड. सासूबाईंचा नियमच होता, डोंगरशर्यतीत जो जावई पुढे येईल, त्याने जेवणाच्या टेबलाशी हातांच्या खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने स्टुलावर. थोरल्या गादीवाल्याचा संसार स्टुलावरच चालला होता.

धाकटा फरशीवाला पोस्टकार्डाएवढ्या पातळ तळव्याचे बूट घालायचा. "पायाला जमीन कळली पाहिजे हो, साडूभाऊ!" फरशीचा उंचसखलपणाही तो तळपायाने ओळखायचा. त्यात गादीवाल्याची बायको म्हणायची, "भाऊजींची पावलं बघा, कशी अलगद पडतात!" झालं, गादीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात!

त्याने आपल्या गाद्यांच्या कारखान्यातला उंची फोम थरावर थर चिकटवून बूट शिवले. चाचणीला गच्चीवरून, खाली उलट्या ठेवलेल्या बुटाच्या तळव्यावर अंडं टाकलं. ते उसळून परत त्याच्याच हातात येऊन बसलं. खोटं वाटत असेल तर अंड्याला विचारा.

शर्यतीत एका उडीत ओढा पार, दुसरीत अख्खी झाडी. पण प्रत्येक उडीला तो मागे वळून बघे. धाकट्याचं तोंड उतरलं का? छे! तो आपला दगड चुकवत, शीळ घालत येतोय.

"जपून हं, साडूभाऊ!"

हे तर फारच झोंबलं.

शेवटाला एक चटई अंथरली होती. तिच्यावर पाऊल पडलं की शर्यत पुरी. गादीवाला कितीतरी आधी पोहोचला आणि उसळून चटईच्या पलीकडे पडला. परत फिरला, तर अलीकडे.

"अहो, बूट काढा ना!" बायको ओरडली.

"अनवाणी? त्याच्यासारखी जमीन चाचपत? मेलो तरी नाही!"

तेवढ्यात धाकट्याने येऊन चटईवर हळूच पाय ठेवला. गादीवाल्याला मग चौघांनी धरून खाली आणलं.

संध्याकाळी धाकटा खुर्चीत बसला खरा, पण दिवसभर दगडांनी सोललेले तळवे कुठे टेकावेत हेच त्याला कळेना. स्टुलावर गादीवाला तेच बूट घालून, घासागणिक जरा वरखाली होत जेवत होता. धाकट्याची नजर टेबलाखालून हलेना.

"साडूभाऊ," तो शेवटी पुटपुटला, "जेवणापुरते... घालून बघू का?"

गादीवाल्याने पाय स्टुलाखाली ओढून घेतले.

"नको हो. तुमच्या पायाला जमीन कळायची नाही," तो म्हणाला आणि त्याने पुन्हा ताटभर वाढून घेतलं.