रोल संपल्यानंतरचा फोटो

भिवाने कॅमेरा गळ्यात अडकवला तो नाइलाजाने. चामड्याच्या पेटीचा हात लागताच भुगा व्हायला लागला होता, आणि सुनेने पुढे केलेल्या भाजीच्या पिशवीत तो ठेवायला त्याचं मन धजेना. जायचं तरी कुठे होतं, नायगावातून दादर टीटीपर्यंत. तिथे एक जण जुन्या कॅमेऱ्यांची अडकलेली शटरं सोडवून देतो असं कळलं होतं. बीडीडी चाळींतली लग्नं, नामकरणं आणि जयंतीच्या मिरवणुका वर्षानुवर्षं टिपलेला तो दोन भिंगांचा डबा पोटावर घेऊन बाहत्तर वर्षांचा भिवा निघाला. पण आज आपल्याला कोणी सरळ चालू देणार नाही, हे त्याला पहिल्या शंभर पावलांतच कळून चुकलं.

पोलीस क्वार्टर्सपाशी एका हवालदाराने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि नकळत टोपी सरळ केली, पोट आत घेतलं. मग स्वतःच ओशाळून दुसरीकडे पाहू लागला. टॅक्सीवाल्याने सिग्नलला काच खाली करून विचारलं, चालू है क्या. माटुंग्याच्या कॉलेजच्या दोन मुलींनी तर त्याला अडवलंच. ओरिजिनल आहे का, अंकल, असं विचारून त्यांनी कॅमेऱ्याचे सात-आठ फोटो मोबाइलमध्ये काढले आणि भिवाला जरा बाजूला मान करायला सांगितलं. आयुष्यभर लोकांना मान इकडे करा, तिकडे करा सांगणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. तरी त्याला गंमत वाटली. तिशीच्या आतले लोक कॅमेऱ्याच्या जवळ येतात आणि पन्नाशीच्या पुढचे जागच्या जागी ताठ उभे राहतात, असा हिशोब त्याने चालता चालता मांडला. गेल्या दहा वर्षांत त्याच्याकडे इतक्या लोकांनी मिळून बघितलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोला, त्याला ते आवडत होतं.

टीटीच्या अलीकडच्या बसस्टॉपवर साठीची एक बाई त्याला बघून उठली. तिनेही आधी पदर सारखा केला.

"भिवाभाऊ ना? कॅमेऱ्यावरनं ओळखलं. मी यशोधरा, बारा नंबरच्या चाळीतली."

भिवाने चेहरा ओळखला नाही, पण नाव ऐकताच त्याने नजर खाली वळवली. चाळीस वर्षांत ज्या थोड्या माणसांना टाळावं असं त्याला वाटत आलं होतं, त्यांत हे नाव पहिलं होतं.

यशोधरा मात्र माहेरचं माणूस भेटल्यासारखी बोलत सुटली. भावाला नव्या टॉवरमध्ये घर मिळालं होतं, ती तेच बघून येत होती. हॉलमध्ये आईचा फोटो लावलाय, म्हणाली, आणि शेजारची जागा वडिलांसाठी मोकळी ठेवलीय. वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, एकही फोटो घरात नव्हता. तिच्या लग्नात भिवाने एक काढला होता, पण त्या शेवटच्या रोलला उजेड लागला, असं त्यानेच तेव्हा सांगितलं होतं. लग्नानंतर अडीच महिन्यांनी अण्णा गेले.

"तो रोल असेल का हो तुमच्याकडे? काळा पडलेला असला तरी चालेल. माझा भाचा बुद्धभूषण म्हणतो, आता कॉम्प्युटरवर कसलाही फोटो काढता येतो. फक्त रोल पाहिजे."

रोलला उजेड लागला नव्हता. कॅमेऱ्यात तेव्हा रोलच नव्हता. त्या काळी एका रोलमध्ये बारा फोटो निघत, आणि मांडवात पाहुणे हौसेने पुन्हा पुन्हा उभे राहत. रोल संपल्यावर 'नाही' म्हणून कोणाचं तोंड वाकडं करण्यापेक्षा नुसता फ्लॅश उडवायचा, ही धंद्यातली रीत होती. भिवाच्या उस्तादानेच त्याला ती शिकवली होती. मावशा, आत्या, नवऱ्याचे मित्र असे पाच-सहा फ्लॅश त्याने त्या दिवशी फुकट उडवले. आणि पंगती वाढून झाल्यावर शेवटी नवरीचे वडील आले. त्यांचा आधी एकही फोटो झालेला नाही, हे भिवाच्या ध्यानातच आलं नाही.

आता खोटं तर तयारच होतं. सव्वीस जुलैच्या पाण्यात सगळं वाहून गेलं, एवढं म्हटलं की काम झालं. अर्ध्या मुंबईची कागदपत्रं त्या पाण्यात गेली आहेत, कोण विचारणार होतं? भिवाने तोंड उघडलंसुद्धा. पण बाई इतक्या आशेने बघत होती की त्याला स्वतःचीच लाज वाटली. आज पुन्हा खोटं बोललो तर हिच्या बापाला आपण दुसऱ्यांदा पुसलं, असं त्याला वाटलं.

त्याने सगळं सांगितलं. सांगताना तो तिच्याकडे बघू शकला नाही. माफ कर, असंही म्हणाला, पण ते इतकं हळू की बसच्या आवाजात तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

बस आली, थांबली, गेली. मग यशोधराने विचारलं, "पण तुम्ही कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत बघत होतात ना? अण्णा दिसले असतील तुम्हाला."

"दिसले," भिवा म्हणाला. "रोल नाही हे कळू नये म्हणून मी जास्तच नाटक करत होतो. तीनदा हसा म्हणालो. दोनदा ते नुसते उभे राहिले. तिसऱ्यांदा तुझ्याकडे वळले आणि हसले. समोरचे दोन दात नव्हते त्यांना. तोंड भरून हसले, यशो."

मिलचा संप फसला आणि अण्णा दादरच्या बाजारात ओझी उचलायला लागले, तेव्हापासून त्यांना हसताना घरात कोणी बघितलं नव्हतं. दात पडल्यावर तर बोलतानाही तोंडावर टॉवेल धरायचे. हे यशोधराने सांगितलं.

"मी बघितलं नाही ते. तुम्ही म्हणालात, नवरी, मान हलवू नकोस, कॅमेऱ्यात बघ. मी कॅमेऱ्यातच बघत होते."

तिच्या खांद्याला हात लावावा की लावू नये, हे भिवाला कळेना. मग तिनेच डोळे पुसले, बाकावर बसली आणि सरकून त्याला जागा करून दिली.

"परत सांगा," ती म्हणाली. "अण्णा वाढून झाल्यावर आले ना, तिथपासून सांगा. सावकाश सांगा."

भिवा तिच्या शेजारी बसला आणि सांगू लागला. अण्णा पंच्याला हात पुसत मांडवातून येत होते.