श्वाल्बेला सांगायचं राहिलं

मी एक जुनं खोगीर आहे. प्रशियातल्या इन्स्टरबुर्ग गावच्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला शिवलं. वर डुकराचं कातडं, आत घोड्याचे केस. टाके घालताना तो पुटपुटायचा, "जनावराच्या पाठीला टोचलं तर ते खोगीर नव्हे, वैरी."

मला विकत घेतलं कुनो फोन डॉर्गेन यांनी. तेव्हा ते प्रशियाच्या घोडदळात तरुण अधिकारी होते. त्यांची घोडी श्वाल्बे. आमच्या भाषेत श्वाल्बे म्हणजे पाकोळी, आणि ती होतीही तशीच चपळ. रंगाने तांबूस, कपाळावर वाकडी चांदणी. मी तिला सुरुवातीला मुळीच आवडलो नाही. माझा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळताना ती पोट फुगवून घ्यायची आणि मालक वर बसले की श्वास सोडायची. मग तंग सैल पडून मी मालकांसकट कलंडायचो. त्यांचा मोतद्दार अन्सास म्हणायचा, "मालक, शत्रूचं नंतर बघू. आधी हिच्याशी तह करा!"

बोहेमियातल्या लढाईत मालकांच्या गुडघ्यात गोळी शिरली. ते शुद्ध हरपून तिच्या मानेवर पडले. लगाम धरायला कोणी नव्हतं. तोफांच्या धुरातून, खाली पडलेल्या माणसांना चुकवत, ती त्यांना घेऊन परत आली. एकदाही बुजली नाही. त्या दिवसाचं रक्त माझ्या कातड्यात मुरलं आहे. अन्सासने कितीदा साबण लावला, पण गेलं नाही.

गुडघा आखडला आणि फौज सुटली. सरकारने मालकांना त्यांच्याच मुलखात जिल्हाधिकारी नेमलं. कचेरीतली खुर्ची त्यांना कधीच मानवली नाही. बंधारे, शाळा, रस्ते, सगळं ते श्वाल्बेवरून पाहायचे. शेतकरी थट्टा करायचे, "साहेब, उतरू नका हो! पुन्हा चढेपर्यंत आमची दुपार जाते." मालकही हसायचे.

मग फ्रान्सशी लढाई जाहीर झाली. आमच्याकडे अशा वेळी जिल्ह्यातले सगळे घोडे जत्रेच्या मैदानात आणतात. पंच ते पारखतात आणि फौजेला हवे तेवढे निवडतात. पंचांचा प्रमुख जिल्हाधिकारी. घोडा नुसता दावं बांधून द्यायचा. खोगीर घरी राहतं. आयाळीत आकड्याची लाकडी पट्टी बांधली, की घोडा फौजेचा.

संध्याकाळी मैदान रिकामं होत आलं, तरी एक घोडा कमीच होता. शेवटी उरली एर्डमुटे काल्वाइट ही विधवा आणि तिचा एकुलता एक घोडा. एका पंचाने त्याचा जबडा उघडून पाहिला. "चालेल."

"चालेल?" ती म्हणाली. "शेतात भाकरीची राय कापणीला आलीय. ती घरी आणायला गाडीला कोणाला जुंपू, तुम्हाला?" मग ती मालकांकडे वळली. "साहेब, तुमची घोडी त्या लिंडनच्या झाडाखाली उभी आहे. ती काय घोड्यांत मोडत नाही?"

"जिभेला आवर घाल बाई," पंच ओरडला. "सरकारी कामाच्या घोड्याला सूट आहे. नियमच आहे तसा."

"नियम कळतो मला. पोरांना हिवाळाभर काय घालू, ते कळत नाही."

मालकांनी पंचाच्या बोलण्यावर नुसती मान हलवली असती, तरी कोणी बोट दाखवलं नसतं. ते लिंडनच्या झाडाकडे वळले. मग म्हणाले, "अन्सास, श्वाल्बेला आण."

"मालक! हा पाय घेऊन फिरणार कसे तुम्ही?"

"सकाळपासून लोकांचे घोडे नेतोय मी. त्यांना विचारलं होतंस हे?"

तंग त्यांनी स्वतःच्या हाताने सोडला. तिला वाटलं, आवळताहेत. तिने सवयीने पोट फुगवलं. मालकांनी तिच्या पोटावर तळवा ठेवला. "सोड गं श्वास. आज कुठे जायचं नाहीये." तिच्याशी ते खोटं बोलले, ते तेवढंच. नेताना ती सारखी मागे वळून पाहत होती.

लढाई जिंकली म्हणे. उरलेले घोडे आगगाडीने परत येऊ लागले आणि लिलावात निघू लागले. मालक प्रत्येक लिलावाला जायचे, एर्डमुटेच्या गाडीत बसून, मला शेजारी ठेवून.

"हे धूड कशाला दरवेळी?" तिने एकदा विचारलं.

"ती भेटली तर उघड्या पाठीने आणू तिला?"

बराच रस्ता गेल्यावर ती म्हणाली, "साहेब, त्या दिवशी मी तोंड मिटून घेतलं असतं तर..."

"तर तुझी राय शेतात कुजली असती. हाक गाडी."

श्वाल्बे कुठेच भेटली नाही. दुसऱ्या घोड्यावर मालकांनी मला कधी चढवलं नाही. काठी टेकत ते गावोगाव जायचे. थंडी छातीत भरली, आणि एका पहाटे ते गेले.

आमच्याकडे घरधनी गेला, की गोठ्यात जाऊन प्रत्येक जनावराला उठवून सांगावं लागतं. न सांगितलेलं जनावर वाट पाहून झुरतं. अन्सासने गाईंना सांगितलं. मधमाश्यांची पेटी ठोठावून त्यांनाही सांगितलं. मग तो श्वाल्बेच्या रिकाम्या जागेपाशी येऊन थांबला. तिथे कोणाला उठवणार? शेवटी त्याने खुंटीवरच्या माझ्यावर हात ठेवला. "मालक गेले रे," म्हणाला, आणि तोंड माझ्या कातड्यात खुपसून रडला.

शवपेटी एर्डमुटेच्या घोड्याने ओढली. घोडदळातला माणूस गेला, की पेटीमागून त्याचा घोडा चालवतात, रिकाम्या खोगिराने. घोडा नव्हता, म्हणून अन्सासने मला खांद्यावर घेतलं.

आता अन्सासही नाही. माझं भरण उंदरांनी कुरतडलं आहे, तंग सुकून तडकला आहे. मला तेल नको, नवे टाके नकोत. एवढंच करा. कुठे एखादी म्हातारी तांबूस घोडी दिसली, कपाळावर वाकडी चांदणी असलेली, तंग आवळताना पोट फुगवणारी, तर तिच्या कानाशी जाऊन हळूच सांगा, की मालक गेले. सगळ्यांना सांगून झालंय. तिला तेवढं कोणी सांगितलेलं नाही.