गारव्याला गिऱ्हाईक

लाँड्रीवाली आणि तिचा फुलवाला दीर, दोघांची दुकानं एकमेकांना खेटून होती, पण बोलणं बंद. वाटणीत मधली भिंत नेमकी कुठं घालायची, यावरून वाजलं होतं. भिंत उभी राहिली आणि अबोलाही. इकडे चादरी धुतल्या जात, तिकडे थंड खोलीत फुलं साठवलेली असत. विजेच्या बिलानं मात्र दोघांच्याही नाकी नऊ आले होते.

लाँड्रीवालीच्या मनात फ्युएल सेल नावाचं वीजयंत्र बसवायचं होतं. तिनं एका इंजिनिअर बाईंना बोलावलं. बाईंनी समजावलं, की हे यंत्र गॅस न जाळता त्यातून वीज काढतं, शिवाय उष्णता देतं. धुलाईचं पाणी तिच्यावर आयतं तापेल. पण यंत्र महाग. त्यानं दिलेली वीज आणि उष्णता सगळी वापरली तरच खर्च भरून निघणार, आणि लाँड्रीचं गरम पाण्याचं काम तर दुपारीच उरकायचं. उरलेल्या उष्णतेवर, जोडीला शीतयंत्र लावून, गारवा तयार करता येतो, फक्त तो घेणारं कुणीतरी जवळ हवं.

लाँड्रीवालीनं भिंतीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

बरेच दिवस तिनं विषय टाळला. शेवटी नवराच म्हणाला, "परवडत होतं तोवर भांडलो. आता महाग पडतंय."

मग ती गेली. दीर गुलाबांचे देठ छाटत होता. तिनं दारातूनच सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यानं कात्री खाली ठेवली आणि तो हसायलाच लागला.

"वहिनी, त्या बाई माझ्याकडेही येऊन गेल्या. गारव्याचं जमेल, पण गरम पाण्याला गिऱ्हाईक बघा म्हणाल्या. मी कितीदा तुमच्या दारापर्यंत येऊन परत फिरलो."

"मग आत का नाही आलात, भावजी?"

"तुमच्या हातात इस्त्री होती."

दोघांनी मिळून यंत्र घेतलं आणि मागच्या अंगणात बसवलं. भिंतीला भोक पाडून नळ्या टाकल्या, तेव्हा वहिनीनंच गवंड्याला चहा दिला. उन्हाळ्यात फुलं टवटवीत राहिली, चादरी वेळेवर गेल्या, बिलं उतरली. पैसे वसूल व्हायला अजून अवकाश होता, तरी गाडी रुळावर होती.

एका सकाळी समोरचा न्हावी आला. त्यानं चाचरत विचारलं, की थोडं गरम पाणी विकत मिळेल का. दिरानं वहिनीकडे पाहिलं, वहिनीनं दिराकडे. मग दिरानं खुर्ची पुढं सरकवली आणि न्हाव्याला सन्मानानं बसवलं.