मी दहा लाख एक आणि एक घर सोडून राहणारी ती

टक्! फ्रिजच्या दाराला चुंबक चिकटले आणि दुपारची शांतता मोडली. मित्रांनो, त्या चुंबकाखाली पंधरा दिवस माझा कागद होता. आज तिचा लागला.

मी दहा लाख एक ही फार जुनी संख्या आहे. डोंगर नव्हते तेव्हाही मी होते. मला डावीकडून वाचा की उजवीकडून, मी सारखीच. ती दहा लाख तीन, माझ्यापासून एक घर सोडून राहणारी. रूप म्हणाल तर काही नाही.

साताऱ्यात सोनियाच्या दोन खोल्यांत मला मान मिळाला. तिच्या सृष्टीला शाळेच्या प्रदर्शनासाठी सात अंकी मूळ संख्या हवी होती. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून जिला कुणाचाच भाग जात नाही अशी. सृष्टीने मला निवडले. धाकटा झोळीत निजला की मायलेकी भागाकार करायच्या. दोन, तीन, पाच, सात करत सत्त्याण्णवपर्यंत आल्या. दर वेळी बाकी उरली.

"आता फुडं?" सृष्टीने विचारले.

तिचे आजोबा केरूआबा माण तालुक्यातून आले होते. जन्म मेंढरांमागे गेलेला. मोजताना शंभर झाली की खिशात एक खडा टाकायचा आणि पुन्हा एकपासून सुरू करायचे, ही त्यांची रीत.

"फुडं काय न्हाई. शंभराच्या वर परत त्येच की!"

"आवं मामा, नक्की?" सोनिया सासऱ्यांना म्हणाली.

"उभ्या जल्मात एक मेंढरू हुकलं न्हाई माझं."

झाले, मी मूळ संख्या ठरले. हे खोटे आहे, मला ठाऊक होते. पण मान सुटेना. मी गप्प बसले.

रविवारी सृष्टीने सहज चाळा म्हणून एकशे एकने भाग लावला. उत्तर नऊ हजार नऊशे एक, बाकी शून्य.

"आबा, हुकलं की मेंढरू!"

"ते मेंढरू न्हवं गं, लांडगा हुता!"

मग दहा लाख तीनची पाळी आली. हजार गुणिले हजार दहा लाख, म्हणून या वेळी हजारापर्यंतच्या एकशे अडुसष्ट मूळ संख्या. तवा तापेपर्यंत एक, कपडे वाळत घालून आल्यावर दुसरी, असे सोनियाने आठवडाभर भागले. मी मनात म्हणत होते, जाऊ दे, हिलाही एक तरी भाग जाऊ दे! शेवटची नऊशे सत्त्याण्णव. बाकी बारा उरली. मी जळून गेले.

मित्रांनो, मान देताना पुरते तपासा. आणि काढून घेताना चुरगाळू नका. मी बदलले नव्हते. मी तशीच होते.

सोनिया माझा कागद केरात टाकणार, तोच सृष्टीने तिचा हात धरला.

"आई, आपण भागायच्या आदीबी हिला एकशे एकनं भाग जात व्हता?"

"जातच हुता की."

"मानसं न्हवती तवाबी?"

"तवाबी."

"मग तवा कोन भागत व्हतं?"

सोनियाने माझा कागद केरात न टाकता पुन्हा फ्रिजच्या चुंबकाखाली सरकवला.